टाकीवर ओटी (क्लोरीनची परीक्षा) पॉझिटिव्ह, शेवटच्या नळाला निगेटिव्ह: दर पावसाळ्यातला दूषित नमुना कुठून येतो ते कसं शोधायचं

जून लागला की ग्रामपंचायतीत प्रयोगशाळेचा अहवाल येतो: अमुक आळीचा नमुना पिण्यास अयोग्य. मग धावपळ होते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जादा पडते, आठवड्याने पुन्हा नमुना जातो, तो चांगला येतो आणि विषय मिटतो. ऑगस्टमध्ये पुन्हा तीच आळी, आणि आता दोन-चार पोरं जुलाबाने दवाखान्यात. जलसुरक्षक, म्हणजे पाणी शुद्ध करायला गावाने नेमलेला माणूस, कळवळून सांगतो, "मी रोज टाकतो हो पावडर." बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

ज्यांच्या गावात हे दरवर्षी घडतं त्यांच्यासाठी हे लिहितोय: जलसुरक्षक, पाणी सोडणारे कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी, पाणी समितीवरच्या ताया. नळयोजनांच्या कामात मला पुन्हापुन्हा हेच दिसलं आहे की गाव दोष टाकीत शोधतं आणि तो असतो टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात. टाकीत क्लोरीन वाढवून गटारातला फुटका पाइप बुजत नाही. पुढचा नमुना तेवढा पास होतो, आणि त्यामुळेच दोष वर्षानुवर्षं जागेवर राहतो.

तर तो शोधायचा कसा?

आधी पावडर आणि ओटी यांची खात्री करून घ्या

लाइनीवर चालायला निघण्याआधी हातातली दोन साधनं खरी आहेत का ते बघा: टीसीएल पावडर, आणि ओटी, म्हणजे पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणारं रसायन. ताजी, चांगली टीसीएल म्हणजे साधारण 33 टक्के क्लोरीन. ओल, ऊन, हवा लागली की ते उडून जातं. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडलेली पिशवी, आत खडे झालेले, नाकाला झोंबणारा वास गेलेला, ही पावडर नावालाच टीसीएल असते. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. टक्का डोळ्यांनी कळत नाही, म्हणून पाण्याच्या नमुन्याबरोबर पावडरचाही नमुना प्रयोगशाळेत पाठवत जा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून उंच, कोरड्या खोलीत ठेवा. लोखंडी डबा नको, तो गंजतो. वर्षभराचा साठा एकदम घेण्याचा मोहही नको.

टक्का कळला की हिशेब सोपा आहे. टाकी 50,000 लिटरची, आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचंय, तर शुद्ध क्लोरीन लागतं 100 ग्रॅम. पावडर 33 टक्क्यांची असेल तर साधारण 300 ग्रॅम, 20 टक्क्यांची असेल तर 500 ग्रॅम. म्हणजे पूर्वीच्याच वाटीने मोजून टाकणारा माणूस नकळत साठ टक्केच डोस देत असतो. वाटी तीच, हात तोच, पावडर मात्र म्हातारी झालेली.

टाकायची पद्धतही बघा. पुरचुंडी बांधून टाकीत सोडणं किंवा भरलेल्या टाकीवर कोरडी पावडर भुरभुरणं, दोन्ही बंद करा. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवा, दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकी भरत असताना येणाऱ्या धारेजवळ ओता, म्हणजे ती ढवळली जाते. चुन्याचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका. आणि टाकी भरल्यावर निदान अर्धा तास वॉल्व्ह उघडू नका. क्लोरीनला जंतू मारायला एवढा वेळ लागतोच. एका हाताने निवळी ओतायची आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवायची, असं होत असेल तर पहिल्या आळीला वास येणारं पण न शुद्ध झालेलं पाणी जातं.

ओटीबद्दल काही सूचना. रंग पहिल्या दहा सेकंदांत बघा. त्यात जो पिवळा दिसतो तो मोकळा क्लोरीन. नंतर हळूहळू चढणारा रंग अमोनियाबरोबर बांधला गेलेला क्लोरीन दाखवतो आणि तो जंतू मारायला खूप कमकुवत असतो. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही ओटी फसवा पिवळा दाखवते. बोअरच्या तांबूस पाण्याला ओटी आली म्हणून निश्चिंत राहू नका. आणि परीक्षा झाली की नळीतलं पाणी ओतून टाका, ओटीचं रसायन पोटात जाण्यासारखं नाही. डीपीडीची (क्लोरीन तपासायच्या दुसऱ्या रसायनाची) किट मिळत असेल तर तीच घ्या, ती जास्त खात्रीची.

मापाचा आकडा एकच लक्षात ठेवायचा: शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तो तसा लिहिला आहे, आणि विषाणूंपासून बचाव हवा असेल तर 0.5. टाकीवरच्या रीडिंगला या मानकात काही अर्थ नाही. माणूस पितो ते नळाचं पाणी. तरीही बहुतेक गावांच्या नोंदवहीत ओटीचा रकाना टाकीपाशीच भरलेला दिसतो, कारण जलसुरक्षक तिथेच उभा असतो. सवय बदलायची असेल तर इथून सुरुवात करा. रोजची ओटी शेवटच्या घराला, टाकीवर आठवड्यातून एकदा.

आता शेवटच्या नळापासून उलट चालत या

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि यालाच कुणी वेळ देत नाही. पाणी सोडायच्या वेळेला शेवटच्या घरी जाऊन उभे राहा. सोबत ओटी, काचेचा स्वच्छ ग्लास, वही. नळाला पहिली धार आली की लगेच एकदा ओटी करा, ग्लास उजेडात धरून गढूळपणा बघा, वास घ्या. मग दहा मिनिटांनी पुन्हा. मग मधल्या चौकातल्या घरी, मग टाकीखालच्या पहिल्या जोडणीवर.

पहिली धार गढूळ, ओटी निगेटिव्ह, आणि दहा मिनिटांनी पाणी नितळ, ओटी पॉझिटिव्ह, असं असेल तर पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात बाहेरून काहीतरी शिरतंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत निगेटिव्ह आणि टाकीखालच्या नळाला मात्र पॉझिटिव्ह असेल, तर मध्ये कुठेतरी क्लोरीन खाणारी घाण सतत मिसळतेय, किंवा पाइपात वर्षानुवर्षांचा गाळ साठलाय. एकाच आळीत निगेटिव्ह असेल तर त्या आळीची शाखा. एकाच घरात असेल तर त्या घराची नळजोडणी किंवा माळ्यावरची टाकी, जी कुणी वर चढून उघडलेलीच नसते. आणि टाकीखालच्या पहिल्याच नळाला निगेटिव्ह असेल तर परत फिरा. तुमची गोष्ट पावडरची, टाकीच्या झाकणाची किंवा विहिरीची आहे.

पॉझिटिव्ह संपून निगेटिव्ह सुरू होतं त्या दोन नळांच्या मधला रस्ता हाच तुमचा संशयित. आता तिथे डोळे उघडे ठेवून फिरायचं.

रिकामा पाइप पाणी ओढतो

आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास, उन्हाळ्यात दिवसाआड सुटतं. वॉल्व्ह बंद केला की पाइपातलं उरलेलं पाणी उताराच्या घरांकडे वाहून जातं आणि उंचावरच्या भागात पाइप रिकामा होऊन ओढ निर्माण होते. त्या वेळी सांधा, भेग, सैल फेरूल (मुख्य लाइनीला घरची नळी जोडायचा तुकडा), जे काही असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. पाणी चालू असताना त्याच जागी गळती दिसते, आणि लोक म्हणतात, "थोडं गळतंय, जाऊ दे." गळती दिसते तिथेच बंद काळात घाण आत जाते. पावसाळ्यात माती तुडुंब भिजलेली असते, गटारं वाहत असतात, म्हणून नमुने तेव्हाच बिघडतात. उन्हाळ्यात भोक तेच असतं, पण भोवती ओढायला पाणी नसतं.

एका गावात वरच्या आळीचं पाणी दरवर्षी बिघडायचं. विहीर चांगली, टाकी चांगली, पावडरही ताजी. पाणी सोडणारे मामा सोबत होते. देवळाच्या चढावर एक चेंबर होतं, झाकण कधीच गेलेलं, त्यावर शहाबादी फरशी टाकलेली. फरशी सरकवली तर आत काठोकाठ गढूळ पाणी, वर पालापाचोळा तरंगत होता, कडेला शेजारच्या गोठ्यातलं मुताचं पाणी झिरपत होतं. तळाशी, त्या पाण्याखाली, एअर व्हॉल्व्ह. मामांना म्हटलं, टाकीची चावी बंद करून या, मी इथेच बसतो. चावी बंद झाली आणि थोड्या वेळाने चेंबरमधलं पाणी खाली जायला लागलं. भिंतीवरची ओली रेघ दिसत होती, पाणी तिच्यापासून बोटभर, मग दोन बोटं उतरलं. एअर व्हॉल्व्ह त्याचं कामच करत होता: लाइन रिकामी होताना आत हवा घेणं. फक्त हवेच्या जागी गोठ्याचं पाणी होतं. मामा परत आले, वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या आळीतच त्यांचं घर होतं.

तिथे उपाय साधा होता. चेंबर उपसलं, भिंती जमिनीच्या वर हातभर उचलल्या, तळाला पाणी निचरायला वाट काढली, वर घट्ट झाकण बसवलं, एअर व्हॉल्व्ह उंच नळीवर घेतला. पाण्याखाली बुडालेला एअर व्हॉल्व्ह दिसला तर बाकी काहीही करण्याआधी तो वर काढा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गटारातून गेलेली नळजोडणी. मुख्य लाइन रस्त्याच्या एका बाजूला, घरं दोन्ही बाजूंना, आणि मध्ये उघडं गटार. जोडणी करणारा प्लंबर गटाराच्या तळातूनच अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी नेतो. दहा वर्षांत ती नळी गंजते, मग गळतीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली जाते, वरून सुतळी. गटारात अशी पट्टी दिसली की शोध बहुधा तिथेच संपतो. नळी गटाराच्या वरून न्या, जमत नसेल तर सलग एचडीपीई (प्लास्टिकची) नळी मोठ्या पाइपाच्या आतून न्या आणि गटाराच्या रुंदीत एकही सांधा ठेवू नका. मुख्य लाइनीचा नियम असा की सांडपाण्याची वाहिनी आडव्या अंतरात 3 मीटर लांब हवी, आणि दोन्ही एकमेकींना छेदत असतील तर पाण्याची लाइन वर, मध्ये निदान अर्धा मीटर अंतर. आता गावोगाव भूमिगत गटारं होताहेत. खोदकाम चालू असताना पाणी समितीचा माणूस तिथे उभा राहिलाच पाहिजे. ठेकेदाराच्या जेसीबीने नळी तुटली, त्याने तिथल्या तिथे रबर बांधलं आणि माती ओढली, तर पुढची पाच वर्षं तुम्ही टीसीएल ओतत बसाल.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, कारण ती शेजाऱ्याची असते. थेट लाइनीला लावलेली मोटार. एक घर टुल्लू पंपाने पाणी ओढतं तेव्हा पुढच्या घराचा दाब तर जातोच, शिवाय पाणी चालू असतानासुद्धा पाइपात ओढ तयार होते आणि भेगेतून घाण आत येते. मोटार लावणाऱ्याला बहुतेक वेळा हे ठाऊक नसतं. नियमावर बोट ठेवण्याआधी त्याच्याच घरात, त्याची मोटार चालू असताना, पाण्याची ओटी करून दाखवा. नंतर ग्रामसभेत ठराव करा. आणि त्याला मोटार का लावावी लागते तेही विचारा, कारण शेवटच्या आळीला दाब मिळतच नसेल तर नुसत्या दंडाने काही होणार नाही. पाणी आळीनिहाय पाळीने सोडावं लागेल.

चोवीस तास दाब असलेल्या पाइपात बाहेरचं पाणी शिरत नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास मीटरने पाणी देऊन दाखवलं, ओडिशातल्या पुरीत 2021 पासून नळाचं पाणी थेट पिण्याची योजना चालू आहे. हे लहान गावालाही अशक्य नाही, पण मीटर, गळती आणि पाणीपट्टी या तिन्हींवर गावाने आधी एकमत करायला हवं. तोवर रोज बंद-चालू होणारी लाइन ही धोक्याची लाइन समजूनच वागा.

ओटी पॉझिटिव्ह, तरी कावीळ

ही तक्रार आली तर हसण्यावारी नेऊ नका. डिसेंबर 1955 आणि जानेवारी 1956 या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेत घुसलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं होतं, आणि विषमज्वर, हगवण वाढलीही नाही. विषाणू मात्र पार झाला. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती हेपटायटिस ई होती. 2012 मध्ये इचलकरंजीतही याच हेपटायटिस ईची साथ आली. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेततो.

म्हणून गढूळपणाकडे बघा. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू-विषाणू सुरक्षित राहतात आणि गढूळ पाणी क्लोरीनही जास्त खातं. मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5. पावसाळ्यात नदीचं किंवा ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी लाल येत असेल तर तुरटी आणि गाळणी आधी, पावडर नंतर.

त्या दिवसांत डोस किती लागेल तेही अंदाजाने ठरवू नका. 33 टक्के टीसीएल 30 ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून निवळी घ्या, ती झाली सुमारे एक टक्क्याची. 20 लिटरच्या चार बादल्या टाकीत येणाऱ्या कच्च्या पाण्याने भरा. इंजेक्शनच्या सिरिंजने एकीत 1 मिली, मग 2, 3, 4 मिली निवळी घाला आणि ढवळा. हे झाले लिटरला 0.5, 1, 1.5 आणि 2 मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने ज्या बादलीत 0.5 च्या आसपास रंग येतो तो तुमचा त्या दिवसाचा डोस. चौथ्या बादलीतही रंग नसेल तर ते पाणी गाळल्याशिवाय टाकीत घ्यायचंच नाही.

नमुना घेण्याचीही एक बाजू आहे

नळाला क्लोरीन असूनही अहवाल दूषित आला तर नमुना कसा घेतला ते विचारा. नळाचं तोंड आधी ज्योतीने तापवायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरायची, आत बोट लावायचं नाही. बाटलीत थायोसल्फेट असतं ते क्लोरीन थांबवण्यासाठी. घाण दिसली म्हणून ती विसळू नका. बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. नाहीतर चांगलं पाणी दूषित ठरतं, आणि थायोसल्फेट नसलेल्या बाटलीत दूषित पाणी वाटेतच चांगलं होतं. दुसरं जास्त वाईट.

गावातल्या गावात एच टू एसच्या कुप्या वापरा. पाणी भरून उबदार जागी ठेवली आणि 24 ते 48 तासांत काळी झाली तर विष्ठेचा संसर्ग असल्याची शक्यता. टाकी, मधला चौक, शेवटचं घर अशा तीन कुप्या शेजारी ठेवल्या आणि तिसरी एकटी काळी झाली की ग्रामसभेत दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. ज्या गावात त्या ताया खरोखर नळावर जाऊन तपासतात तिथे दोष लवकर सापडतो, कारण कोणत्या घरी पहिली धार कशी येते ते त्यांना रोज कळत असतं. तो संच कपाटात कुलूपबंद असेल तर आजच बाहेर काढा आणि आतल्या रसायनांची मुदत बघा.

पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड (धोका कमी) मिळालंय म्हणून थांबू नका. ते सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर. चेंबर तर जुलैत भरतं. विहिरीभोवतीच्या 15 मीटरमध्ये शोषखड्डा, उकिरडा, धुणं-भांडी नकोत, हे त्या कार्डासाठी बघता तसं बाकीच्या दिवसांतही बघा.

नायट्रेट आणि फ्लोराइड हा वेगळा विषय. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, फ्लोराइडची 1, पर्याय नसेल तर 1.5. टीसीएलने किंवा उकळून यातलं काहीही जात नाही, उलट उकळल्याने वाढतं. रासायनिक अहवाल वाईट असेल तर पिण्यासाठी स्रोतच बदलावा लागेल. आणि आळीत वीस लिटरचे थंड जार विकत घ्यायला सुरुवात झाली असेल तर त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्यांना परवडतं त्यांची तक्रार बंद होते आणि नळ फक्त गरिबाचा उरतो. त्या जारातल्या पाण्यात क्लोरीन बहुधा नसतंच. त्याचीही कुपी लावून बघा.

दुरुस्ती झाल्यावर

पाइप जोडला, माती ओढली, पाणी सोडलं, असं करू नका. वॉशआउट (लाइन धुऊन रिकामी करायचा वॉल्व्ह) उघडून तो तुकडा पाणी नितळ येईपर्यंत धुऊन काढा. मग लिटरला निदान 25 मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं पाणी त्यात भरून एक दिवस कोंडून ठेवा. आधी घरोघरी सांगा की उद्या नळ उघडायचा नाही. दुसऱ्या दिवशी ते पाणी वॉशआउटने सोडून द्या, ओढ्यात किंवा मासे असलेल्या तळ्यात नाही. ओटी नेहमीच्या पातळीवर आली की घरांना चावी द्या. त्यानंतर शेवटच्या नळाचे दोन नमुने, दोन वेगळ्या दिवशी, पाठवा. त्या काळात टाकीत जादा डोस अजिबात नको, नाहीतर दुरुस्ती जमली की नाही ते कळणारच नाही.

अहवाल येईपर्यंत त्या आळीने पाणी खळखळ उकळून प्यावं, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घेऊन बाटलीवर लिहिलंय तसं टाकावं आणि अर्धा तास थांबावं. आळीतल्या गरोदर बायकांच्या आणि तान्ह्या बाळांच्या घरी जलसुरक्षकाने स्वतः जाऊन सांगावं, दवंडीवर सोडू नये.

दोन्ही नमुने चांगले आले तर कुठल्या दोन नळांच्या मध्ये काय सापडलं ते तारखेसह नोंदवहीत लिहा आणि गावच्या नकाशावर खूण करा, म्हणजे पुढचा जलसुरक्षक तिथूनच सुरुवात करेल. दोन्हीपैकी एकही बिघडला तर तालुक्याच्या पाणीपुरवठा उपविभागाकडे त्या शाखेची दाबचाचणी लेखी मागा आणि अर्जाला ओटीच्या नोंदींची पानं जोडा.